लग्नसराई आणि तोडणीचा कार्यक्रम



तुळशीचे लग्न लागले की आमच्या गट ऑफिसच्या टेबलावर दोन तऱ्हेचे कागद साठू लागतात. एक तोडणीच्या चिठ्ठ्या आणि दुसऱ्या लग्नाच्या पत्रिका. पत्रिका आल्याचा आम्हांस आनंदच आहे. सभासदाने आठवणीने बोलवावे, पंगतीला बसवून आग्रह करावा, यापरता मान तो कोणता? पण अलीकडे काही पत्रिकांच्या पाठोपाठ एक विनंती येते. "साहेब, पोरीचं लग्न धरलंय. आमचा फड जरा पुढं घ्या की." आज चार शब्द लिहावयाचे आहेत ते या विनंतीविषयी.

दोन हंगामांपूर्वीची गोष्ट. आमच्या गटातील एका सभासदाची दोन एकर पूर्वहंगामी लागण होती. नोव्हेंबरच्या मध्यावर लावलेला ऊस. नोंदीप्रमाणे त्याची पाळी पुढच्या हंगामात जानेवारीअखेर येणार होती. मुलीचे लग्न मात्र डिसेंबरच्या मध्यावर धरलेले. मोळीपूजन होऊन आठ दिवस झाले नाहीत तोच तात्या दारात उभे. आम्ही फडात जाऊन ब्रिक्स पाहिला. बुडख्याला अठरा, शेंड्याला तेरा. ऊस कच्चा होता. "तात्या, दोन महिने थांबा, उसात वजन भरतंय," असे आम्ही सांगितले. तात्या म्हणाले, "ऊस थांबंल साहेब, पाव्हणं थांबत न्हाईत." त्यांच्या डोळ्यांत पाणी पाहून आम्ही चिठ्ठी दिली. चूक आमची होती, हे आज छापील लिहून देतो.

पुढे काय झाले? त्याच रानात आधीच्या वेळी पूर्वहंगामी उसाला एकरी ४७ टन पडले होते, या वेळी ३९ पडले. दोन एकरांत १६ टनांची घट. टोळीने घाईचा फड म्हणून खुशाली जास्त घेतली ती वेगळीच. बिल बँकेत जमा झाले. सोसायटीचे पीककर्ज व्याजासह वळते होऊन तात्यांच्या हाती नव्वद हजारांच्या आसपास रक्कम आली. लग्नाचा खर्च सात लाखांच्या घरात गेलेला. बाकीचे पैसे शेवटी सावकाराकडूनच उचलले. म्हणजे पाळी मोडून आम्ही तात्यांचे भले केले नाही. शेजारी एका विधवा सभासद बाईंचा आडसाली ऊस तोडीला आला होता, तो मात्र पंधरा दिवस मागे पडला आणि तुऱ्यावर गेला. त्या बाई काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे वाटले असते.

आणि हे नुकसान त्या दोन घरांपुरतेही राहत नाही. आपला दर उताऱ्यावर ठरतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये धरले आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे, म्हणजे टनामागे साडेचौतीस रुपयांहून थोडे अधिक. कच्चा ऊस गव्हाणीत पडला की उतारा खाली येतो, आणि उतारा खाली आला की ज्याच्या घरी लग्न नाही त्याचाही टन स्वस्त होतो. एकाच्या मांडवाचा खर्च असा सर्वांच्या वजनातून जातो.

लग्नाची तिथी आणि शेतीची तिथी

आता कोणी म्हणेल, लग्नाची तिथी काय ऊस बघून काढायची? आम्ही म्हणतो, पूर्वी ती पीक बघूनच निघत होती. चातुर्मासात लग्ने का होत नव्हती, याचे शास्त्र भटजीबुवा सांगतील. शेतीच्या अंगाने त्याचे कारण साधे आहे. आषाढ ते कार्तिक पाऊस, चिखल, पेरणी, भांगलण. ओढ्याला पाणी, वाटा बंद. बैल मोकळे नाहीत आणि माणूसही मोकळा नाही. उलट चैत्र-वैशाखात खळी झालेली, घरात धान्य आलेले, रान रिकामे, बैल दावणीला. मृगाला अजून अवकाश. मांडवाला जागा, पंगतीला धान्य, वऱ्हाडाला गाडी आणि पाहुण्यांना सवड, हे सर्व एकदम जुळत असे ते त्याच दिवसांत. आपल्या वाडवडिलांनी पंचांग उघडण्याआधी कणगी उघडून पाहिली होती. यालाच आजच्या भाषेत नियोजन म्हणतात.

ऊस आला, कारखाने आले आणि पैशाची वेळ बदलली. प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ साली त्याचा पहिला हंगाम झाला. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत बागायत पट्ट्यातील घरांचा पैसा खळ्यावरून बिलावर आला. लग्नेही बिलाकडे सरकली. यात वावगे काही नाही. वावगे हे की, बिल कधी येणार, किती येणार आणि कापून किती उरणार, हे न विचारताच तारीख धरली जाते. मग उसाला तारखेमागे पळवले जाते.

हंगामाने दुसऱ्याही एका घरची लग्ने बदलली, त्याविषयी बोलल्याविना पुढे जाणे बरे नव्हे. आपला ऊस तोडावयास येणाऱ्या टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि उचल कोयत्यावर मिळते. त्यामुळे पोरगी वयात येते न येते तोच हंगामाला निघण्याआधी तिचे लग्न उरकण्याकडे ओढा असतो; मागे गावी एकटी कोणाच्या भरवशावर ठेवायची, ही काळजीही आई-बापांना असतेच. मुलीचे किमान वय १९२९ च्या शारदा कायद्याने चौदा केले, १९७८ साली ते अठरा झाले आणि २००६ च्या कायद्याने बालविवाहावर आणखी कडक बंदी आली. तरीही फडावर मंगळसूत्र घातलेली पंधरा-सोळा वर्षांची पोर मोळी उचलताना आम्ही पाहिली आहे. तो ऊस आपला असतो. म्हणून टोळीशी करार करताना मुकादमाला कोयत्यांची वये विचारणे हेही आपलेच काम आहे, असे आम्ही मानतो.

उधळा शेतकरी?

लग्नखर्चावर लिहिणाऱ्याने एक पथ्य पाळावे लागते. "शेतकरी लग्नात उधळतो म्हणून बुडतो," हे वाक्य फार जुने आहे आणि ते बहुधा शेतकऱ्याच्या जिवावर जगणाऱ्यांनी म्हटलेले आहे. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली आणि दख्खनचे दंगे सुरू झाले. त्यावर इंग्रज सरकारने चौकशी आयोग नेमला. त्या आयोगानेच असे नमूद केले की, कर्जाचे कारण म्हणून लग्नखर्चाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले जाते. कधीतरी होणाऱ्या लग्नापेक्षा पोटासाठी, बियाण्यासाठी, बैलांसाठी आणि सरकारी साऱ्यासाठी वरचेवर घेतलेले लहान लहान कर्जच रयतेला जास्त बुडवते. जोतीराव फुल्यांनीही १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात लग्नातील बेलगाम खर्चाचा हा आरोप खोडून काढला आहे.

तेव्हा आम्ही सभासदांना उधळे म्हणत नाही. पण त्या काळचे लग्न आणि आजचे लग्न यांत एक फरक पडला आहे, तो डोळ्याआड करून चालणार नाही. त्या काळी लग्नात रोख पैसा थोडा लागे, कारण लग्न गावाचे असे. गावातील जुनी माणसे अजून सांगतात, मुहूर्तमेढ रोवायला भावकी जमे. मांडवाचे डहाळे गाडीभर कोणीतरी आणून टाकी. आठ दिवस आधीपासून आळीतील बाया जात्यावर बसत, हळद दळली जाई, घाणा भरला जाई. नवऱ्या मुलाला आणि नवरीला घरोघर गडगनेर असे, म्हणजे त्या दिवसांची चूल शेजाऱ्यांनी वाटून घेतलेली. आहेराची वही असे; आज तुमच्या घरी सव्वा रुपया टाकला, उद्या तो तुमच्याकडून परत येई. ती बिनव्याजी पतपेढीच होती. कुंभाराची मडकी, सुताराचा चौरंग, परटाच्या पायघड्या, गुरवाच्या पत्रावळी हे सर्व बलुत्यात येई. ती बलुत्याची पद्धत अन्यायाची होती, वाजवणाऱ्याला मांडवाबाहेर ठेवणारी होती. ती गेली हे योग्यच झाले. पण तिच्याबरोबर एकमेकांचे ओझे उचलण्याची रीतही गेली, आणि ती जायला नको होती.

आता तीच कामे ठेक्याने दिली जातात. कार्यालय एकाकडे, जेवण दुसऱ्याकडे, फुले तिसऱ्याकडे, फोटो आणि ड्रोन चौथ्याकडे. आणि या सर्वांवर देखरेखीला एक इव्हेंटवाला. त्या धंद्यातील मुलांना आम्ही नावे ठेवीत नाही. ती आपलीच मुले आहेत, कष्ट करतात, आणि हजार माणसांची व्यवस्था लावणे हे कसबाचे काम आहे. प्रश्न एवढाच की, त्यांच्या यादीत काय काय हवे ते लिहिलेले असते. तुमच्या रानात किती टन आहेत ते लिहिलेले नसते. ते आपणच लिहावयाचे.

हिशेब करून पाहू. एकरी ४५ टन आणि तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला ३,००० रुपये धरले तर एकराचे १,३५,००० रुपये होतात. मशागत, बेणे, खत, पाणीपट्टी, ठिबकचा हप्ता, सोसायटी हे सर्व जाऊन साठ हजार हाती राहिले तर चांगले म्हणावयाचे. सहा लाखांचे लग्न म्हणजे दहा एकरांचा निव्वळ नफा. ज्याचा दोनच एकर ऊस आहे त्याची ती पाच पिके झाली, आणि पाच पिके म्हणजे पाच-सहा वर्षे. मुलीच्या लग्नाचे पैसे फिटेपर्यंत नातू शाळेत जायला लागतो!

थोडक्यात लग्न लावणारे

कमी खर्चाचे लग्न हे गरिबीचे लक्षण आहे, असा एक समज आहे. इतिहास तसे सांगत नाही. सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ रोजी झाली आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पुण्यात सत्यशोधक पद्धतीचा पहिला विवाह लागला. पुरोहित नाही, दक्षिणा नाही. वधूवरांनी एकमेकांना सर्वांसमक्ष शब्द द्यावयाचा, तोही आपल्याला समजेल अशा मराठीत. १८८७ साली जोतीरावांनी या पूजाविधीचे आणि मंगलाष्टकांचे पुस्तकच छापले. त्या साधेपणासाठी लोकांना विरोध सोसावा लागला, कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. ते लोक कंजूष नव्हते, मानी होते. पुढे गाडगेबाबांनी गावोगाव कीर्तनातून हेच सांगितले की, कर्ज काढून लग्न करू नका. आणि फार मागे कशाला जावे? एप्रिल २०२१ मध्ये करोनामुळे महाराष्ट्रात पंचवीस माणसांत आणि दोन तासांत लग्न उरकण्याचा हुकूम होता. त्या वर्षी आमच्या गटात ज्यांची लग्ने लागली त्यांचे संसार सुरळीत चालू आहेत. २०२५ साली अहिल्यानगर आणि इतर ठिकाणी मराठा समाजाच्या बैठकांतून मोजके पाहुणे, डीजे बंद, लग्नाआधीचे चित्रीकरण बंद अशी आचारसंहिता ठरवली गेली. ती किती पाळली जाते हे ज्याने त्याने आपल्या गावात पाहावे. पण मनात सर्वांच्याच आहे, एवढे त्यावरून दिसते.

मग अडते कुठे? पहिला पाय कोणी मागे घ्यावा, इथे अडते. आम्ही स्वतः त्याच पंक्तीतले. आमच्या धाकट्या भावाच्या लग्नात मुहूर्त बारा पस्तीसचा होता. पुढारी यावेत म्हणून वाट पाहिली, मग स्वागत, फेटे, शुभेच्छांची भाषणे. अक्षता पडल्या त्या दोनला. आमची मावशी साखरेच्या विकाराची. सकाळची गोळी घेऊन उपाशी बसली होती. तिला घेरी आली तेव्हा आम्ही व्यासपीठावर कोणाला तरी शाल पांघरीत होतो. त्या लग्नाचे फोटो छान आले आहेत. मावशी त्यांत नाही.

कारखान्याचे कार्यक्रमही याच वळणावर गेले आहेत, हे कबूल केले पाहिजे. गेल्या ऊस मेळाव्यात सत्कारांना सव्वा तास लागला आणि बेणेप्रक्रियेला वीस मिनिटे मिळाली. शेतकरी उठून गेले ते जेवणासाठी नव्हे, धारेची वेळ झाली म्हणून. यापुढे आमच्या गटाच्या मेळाव्यात आधी ऊस आणि शेवटी सत्कार, तोही एकाच नारळावर, असे आम्ही ठरवले आहे. कार्यक्रम लग्नाचा असो की कारखान्याचा, तो कोणासाठी आहे हे आधी ठरले की बाकीचे आपोआप जागेवर बसते.

आमची सूचना

ऊस खात्यात आम्ही नोंद, अंदाज, पाळी आणि हिशेब या चार शब्दांवर हंगाम चालवतो. त्याच चार शब्दांवर लग्न का चालू नये?

नोंद : मुलामुलीचे जमण्याच्या बोलण्याला लागलात की तारीख धरण्याआधी गट ऑफिसला या. तुमच्या फडाची लागण तारीख पाहून तो कोणत्या पंधरवड्यात तुटेल ते आम्ही सांगू. लग्न त्यानंतर महिना-दीड महिन्याने धरावे. तिथ्या भरपूर असतात. पक्व ऊस वर्षातून एकदाच असतो.

अंदाज : किती टन निघतील आणि सोसायटी कापून किती उरेल, हे आधी कागदावर मांडा. उरणाऱ्या रकमेत बसेल तेवढाच मांडव घाला. हा कागद दोन्ही व्याह्यांनी एकत्र बसून करावा. खर्च मुलीच्या बापाने करायचा आणि याद्या मुलाच्या बापाने वाढवायच्या, ही रीत बंद करा. मागून घेणे हा १९६१ पासून गुन्हा आहे, आणि शोभत तर कधीच नव्हते. या कामात घरच्या बायांना बसवा. पाहुण्यांची खरी यादी आणि भांड्यांचा खरा हिशेब त्यांनाच ठाऊक असतो.

पाळी : कामे भावकीत वाटून द्या. पंगत एकाकडे, पाणी एकाकडे, गाड्या एकाकडे, वही एकाकडे. इव्हेंटवाला लावायचा तर खुशाल लावा, पण त्याला पहिल्या दिवशीच आकडा सांगा आणि तो लिहून घ्या. मुहूर्त कोणासाठीही थांबणार नाही, हे पत्रिकेतच छापा. आमच्यासाठीही थांबू नका.

हिशेब : लग्नानंतर सोळाव्या दिवशी खर्च लिहून काढा आणि धाकट्या भावाला दाखवा. पुढच्या लग्नाला तो उपयोगी पडेल.

गावाने आणखी एक करावे. मोठी भांडी, सतरंज्या, खुर्च्या, पाण्याची टाकी एकदा वर्गणीने घ्यावी आणि नाममात्र भाड्याने फिरवावी. जमले तर वर्षातून एक तिथी सामुदायिक लग्नाला राखावी, आणि तीत पहिले लग्न पुढाऱ्याच्या किंवा आमच्यासारख्या नोकरदाराच्या घरचे असावे. नाहीतर ती गरिबांची रांग होते आणि कोणी फिरकत नाही. सहकार हा शब्द आपण फक्त उसापुरता का ठेवला आहे, हे आम्हांस कळत नाही.

येत्या हंगामापासून लग्नाच्या कारणासाठी कच्च्या उसाची चिठ्ठी आम्ही देणार नाही. आजारपणाची, दुखवट्याची गोष्ट वेगळी. तिथे माणुसकी आहेच. तात्यांना आम्ही हे लिहिण्याआधी विचारले. ते म्हणाले, "लिवा साहेब, नाव नका घालू. पर त्या दिशी तुमी न्हाई म्हनला असता तर चार दिस राग आला असता, आता तीन वर्सं व्याज भरतोय." सभासदांचा चार दिवसांचा राग आम्ही सोसू. त्यांच्या पत्रिका मात्र पूर्वीसारख्याच येऊ द्याव्यात. आम्ही वेळेवर येऊ, पंगतीत बसू आणि वहीत आहेर लिहूनच जाऊ.

– ऊस विकास अधिकारी